गफूरभाईचा पुकार-डबा

गफूरभाईला एखादं काम सरळ सांगितलं आणि त्यानं ते सरळ केलं, असं मुखेडमध्ये कुणी पाहिलेलं नाही. धान्याची कोठी मागा, तो आधी विचारणार की धान्य कोणतं, घरात उंदीर आहेत का, कोठी उन्हात राहणार की सावलीत. मग आठवडाभर हातोडी चालणार आणि शेवटी कोठी तयार होणार ती दारातून आत जायची नाही. "दार लहान केलंय तुम्ही," असं वर आपल्यालाच सुनावणार. माझ्या नवऱ्याचा हा लंगोटीयार. लग्न होऊन मी लातूरहून आले तेव्हा नवऱ्याबरोबर हाही पदरात पडला.

नवऱ्याचं नाव बजरंग. नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्याकडे पद्धत नाही. लिहिताना मारते, कोण बघतंय.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मॅचिंग सेंटर आहे आणि गल्लीच्या पलीकडे, अगदी समोर, गफूरभाईचं पेट्यांचं दुकान. त्याचे बाप-आजे लग्नातल्या पत्र्याच्या पेट्या करायचे. आता मुलींना कपाट देतात, चाकांची सुटकेस देतात, त्यामुळे गफूरभाई कोठ्या करतो, कूलरचे पत्रे ठोकतो आणि जूनमध्ये आश्रमशाळेत जाणाऱ्या पोरांच्या पेट्या करतो. पेटी झाली की आत पेटता बल्ब ठेवून झाकण लावायचं आणि ती अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बघायची, ही त्याची रीत. कुठून उजेड गळला की पेटी परत ऐरणीवर. गिऱ्हाईक बाहेर एसटीच्या वेळेकडे बघत बसलेलं असतं आणि हा आत उजेड शोधत असतो.

आणि रंग! त्याची पेटी गल्लीच्या टोकावरून ओळखू येते. वरचा पट्टा निळा, मधला नारंगी, खालचा हिरवा, आणि त्यावर कसलीतरी फुलं. माझा धंदाच रंगाचा आहे. साडी न आणता बाई नुसतं म्हणाली की आमच्या शेजारणीच्या स्कूटीसारखा जांभळा, तरी मी बरोबर अस्तर काढून देते. अशा बाईच्या समोर आयुष्यभर हा निळा-नारंगी-हिरवा टांगलेला. किती वेळा म्हटलं, "गफूरभाई, हे रंग एकमेकांजवळ बसत नाहीत." तो म्हणायचा, "बसतात भाभी. डब्याचे रंग असेच राहतात." कुणी ठरवलं, असं विचारलं की हातोडी सुरू. पालथ्या घड्यावर पाणी.

बजरंग एसटीत कंडक्टर होता. मुखेड-लातूर, कधी मुखेड-नांदेड. त्याचा आवाज असा की तो स्टँडवर "लातूर, लातूर" म्हणाला तर चहाच्या टपरीवर बसलेला बिलोलीचा माणूससुद्धा उठून उभा राहायचा. मागच्या दिवाळीनंतर त्याला लकवा मारला. नांदेडला दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सगळं समजतं, डावा हात चांगला आहे, त्यांना मागायची सवय लावा.

मागायची सवय. इथंच घोडं अडलं. मागच्या खोलीत खाटेवर हा माणूस तहानलेला पडून राहायचा, ओल्या चादरीत पडून राहायचा, पण बोलवायचा नाही. देवघरातली घंटा उशाशी ठेवली, त्यानं भिंतीकडे फेकली. बटनाची बेल आणली, ती खाटेखाली गेली. मोबाइल दिला, तो उशीखाली बंद होऊन पडला. मी पुढे बायकांना लेस मोजून देत असायचे आणि सगळा जीव मागच्या खोलीत. एक दिवस हा काहीतरी घ्यायला उठेल, पडेल, आणि मी इकडे कुणाच्या तरी ब्लाउजला गुलाबी की राणी यावर वाद घालत असेन, या भीतीनं मला घास उतरत नव्हता. त्याच्या दुखण्यापेक्षा त्याच्या हट्टाचा मला जास्त राग यायचा, हे सांगून टाकते.

गफूरभाई रोज संध्याकाळी येऊन खाटेजवळ बसायचा. एकदा जाता जाता माझ्या गल्ल्यापाशी थांबला.

"घंटी नको भाभी. घंटी मारणं त्याचा धंदा होता. त्यानं घंटी मारली की डायवरनं गाडी थांबवायची. आता पाण्याच्या घोटासाठी मार म्हणता, कसा मारंल तो?"

"मग काय करू? ढोल लावू?"

"त्याला पुकार-डबा पाहिजे. मी करून देतो."

मला आठवायला जरा वेळ लागला. आम्ही सगळे शाळेत असताना दूरदर्शनवर रविवारी 'ग्रह सत्ताईस' नावाची हिंदी मालिका लागायची. अंतराळात फिरणारी माणसं, थर्माकोलचे डोंगर, आणि प्रत्येकाच्या कमरेला एक यंत्र. एकाच्या खाली एक असे तीन दिवे आणि बाजूला जाड खटका. कुणी एखाद्या ग्रहावर एकटा सापडला की खटका दाबायचा, दिवे वरून खाली लागत जायचे आणि दुसऱ्याच्या यंत्रातून टुंव टुंव असा आवाज यायचा. त्यांचा एक कायदा होता. पुकार ऐकणाऱ्यानं काय झालं, कशाला बोलावलं, असं काही विचारायचं नाही. आधी आपला खटका दाबायचा, म्हणजे पलीकडचे दिवे लागून त्याला कळतं की ऐकलं. मग निघायचं. बजरंग आणि गफूर ती मालिका याच घरात, याच मागच्या खोलीत बघायचे, कारण गल्लीतला टीव्ही फक्त माझ्या सासऱ्यांकडे होता. नंतर दोघं चहापत्तीचे डबे कमरेला बांधून गल्लीभर हिंडायचे आणि सगळ्यांना पिडायचे, असं सासूबाई सांगायच्या.

"गफूरभाई, तुम्ही पन्नाशीला आलात," मी म्हटलं.

"हाव. म्हणून तर चांगला करीन. तवा पत्रा कापता येत नव्हता."

पुढचा महिना मी कसा काढला ते मला माहीत. दोन बिनतारी बेल आणून त्यांची आतडी नव्या डब्यात बसवली असती तर काम एका दुपारचं होतं. पण गफूरभाई. डबा हातात कसा बसायचा, हे आठवत तो दिवसभर चहापत्तीचा डबा हातात घेऊन बसला. खटका दाबल्यावर 'खट' आवाज आला पाहिजे म्हणून त्यानं घरातल्या मिक्सरचा खटका काढला. त्याची बायको शकिला पाट्यावर मसाला वाटत मला म्हणाली, "भाभी, तुमच्या घरातला आजारी खाटंवर हाय, आमच्यातला मोकळा फिरून राहिला." बिनतारी बेलमधून चिमणीचा चिवचिवाट यायचा, तो त्याला चालेना. टुंव टुंव पाहिजे. नांदेडला दोन चकरा झाल्या. शेवटी माळेगावच्या जत्रेतून आणलेली कुणाची तरी खेळण्यातली बंदूक फोडली, तेव्हा आवाज मिळाला. दोन डबे तयार झाले, एक बजरंगच्या हाताशी ठेवायला आणि दुसरा, म्हणे, गफूरभाईच्या दुकानात.

"तुमच्या दुकानात का? बायको मी आहे."

"पुकार त्याची माझ्याकडंच यायची भाभी. पहिल्यापासून."

ते मला लागलं.

रंग लावून झाल्यावर त्यानं मला डबा बघायला बोलावलं. बघितला आणि माझं डोकंच फिरलं. वर निळा, मध्ये नारंगी, खाली हिरवा. दिवेसुद्धा तसेच, निळा, नारंगी, हिरवा.

"हा काय रुखवतात ठेवायचाय का? तो डबा चंदेरी होता. दिवे तिन्ही लाल."

"न्हाई भाभी. मालिका सुरू व्हायच्या आधी डबा सगळ्या पडद्यावर यायचा, मोठ्ठा. मी दर रविवारी बघितला. निळा, नारंगी, हिरवा."

"आमच्या बापाकडे लातूरला रंगीत टीव्ही होता गफूरभाई. आणि रंगाच्या बाबतीत माझं चुकत नाही."

"माझं बी डोळ्यानं बघितलेलं चुकत न्हाई."

मी लातूरला भावाला, व्यंकटला, फोन लावला. त्याला अशा कामाचा भारी उत्साह. संध्याकाळपर्यंत त्यानं इंटरनेटवरून मालिकेच्या सुरुवातीचा तुकडा शोधून पाठवला. डबा चंदेरी. दिवे लाल. मी मोबाइल गफूरभाईच्या नाकासमोर धरला. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघितलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "ठीक हाय." दुसऱ्या दिवशी डबे खरडून चंदेरी रंगवले, लाल दिवे बसवले. मला जिंकल्याचा आनंद झाला. इतका की मी एका गिऱ्हाइकाला अर्धा मीटर लेस फुकट दिली.

डबा बजरंगच्या छातीवर ठेवला. गफूरभाई शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "बज्या, ओळख बरं." बजरंगनं डब्याकडे बघितलं, मग याच्याकडे, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. डावा हात हललासुद्धा नाही. गफूरभाई चपला न घालताच घरी गेला.

त्यानंतर डबा खाटेवर नुसता पडून होता. दुसरा डबा समोरच्या दुकानात गप्प. गफूरभाई माझ्या नजरेला नजर देईना, आणि मी जिंकलेली बाई, मला बोलायला कुणी नाही.

मागच्या खोलीबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथं मी कधी गिऱ्हाइकाला कापड दाखवत नाही. वरच्या झरोक्याला सासऱ्यांनी कधीकाळी रंगीत प्लॅस्टिकचा तुकडा ठोकलाय, ऊन येऊ नये म्हणून. दुपारी त्यातून आलेल्या उजेडात पांढरं कापडही पांढरं दिसत नाही. काढून टाका म्हणून लग्न झाल्यापासून भांडतेय. बजरंग म्हणायचा, राहू दे.

अशाच एका दुपारी मी पुढे एका बाईला फॉल कापून देत होते आणि मागून धप्प आवाज आला. कात्री टाकून धावले. बजरंग खाली पडला होता. पाण्याचा तांब्या स्टुलावर, दोन वितींवर, आणि हा फरशीवर. डोळे उघडे, ओठ कोरडे. मी ओरडले तशी गफूरभाई हातात पत्रा कापायची कात्री घेऊनच आत आला. दोघांनी मिळून त्याला उचललं, खाटेवर टेकवून बसवलं. कुठं मोडलं नव्हतं. मग माझा तोल सुटला.

"डबा हाताशी होता ना? एवढा डबा केला, महिनाभर माणसं राबली, एक खटका दाबायला काय होतं तुम्हाला? मेला असता तर आम्हाला कळलंही नसतं!" नवऱ्याला असं बोलायचं नसतं. बोलले. रडतही होते.

बजरंग माझ्याकडे बघत नव्हता. त्याचं बोट वर झालं होतं आणि घशातून घरघर येत होती. बोटाच्या दिशेनं बघितलं. डबा खाटेवरून घसरून भिंतीशी उभा पडला होता आणि झरोक्यातलं ऊन नेमकं त्याच्यावर होतं. वर निळा, मध्ये नारंगी, खाली हिरवा.

"तो बघा," गफूरभाई म्हणाला. "तोच हाय."

"हे झरोक्याला लावलंय ते कुठून आणलं होतं?" मी विचारलं.

"ते टीव्हीचं हाय. काळा-पांढरा टीव्ही रंगीत दिसावा म्हणून तवा काचेवर लावायचे. टीव्ही भंगारात गेला तवा बज्याच्या अण्णांनी झरोक्याला..." तो बोलता बोलता थांबला. झरोक्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि दारातून दिसणाऱ्या आपल्या दुकानाकडे बघितलं. तिथं निळ्या-नारंगी-हिरव्या पेट्यांची थप्पी होती. तो हळूच खाली बसला.

"म्हणजे डबा तसा नव्हताच," तो म्हणाला. "मी जिंदगीभर..."

"तसाच होता," मी म्हटलं. "या घरात तसाच होता. न्या आणि पहिल्यासारखा रंगवा."

आता कुणीही शहाणा माणूस डबा घेऊन गेला असता. गफूरभाई मान हलवत म्हणाला, "आता कसा रंगवू भाभी? आता गलत हाय हे माहीत झालं." मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं चुकीचा रंग बरोबर म्हणून लावला, आणि आता बरोबर काय ते सांगितलं तर याला चूक करवेना. मी पुढे गेले, निळ्या, नारंगी, हिरव्या ब्लाउजपिसांचा गठ्ठा आणला आणि झरोक्याच्या खाली उभी राहिले.

"प्लॅस्टिक उन्हानं विटलंय. खरा निळा कोणता होता ते सांगा, मी जुळवून देते."

"ह्याच्यापेक्षा गडद," तो म्हणाला. मी दुसरा तुकडा धरला. "थोडा हलका." तिसरा धरला, तर म्हणतो, "असा बी असंल." खाटेवरून घशातला आवाज आला. बजरंगनं डावा हात उचलून तळवा आडवा हलवला, गाडीत शाळेचा पास नसताना फुकट बसू बघणाऱ्या पोरांना हलवायचा तसा. नाही. मी चौथा तुकडा धरला. नाही. मोरपिशाकडे झुकणारा एक निळा होता, तो धरला. हात खाली आला आणि मान हलली. लकवा झाल्यापासून या माणसानं पहिल्यांदा कशाला तरी हो म्हटलं होतं. नारंगीला त्यानं आम्हाला रडवलं. हिरवा पहिल्याच फटक्यात मंजूर झाला.

डबे पुन्हा रंगले, दिवेही पहिल्यासारखे निळे-नारंगी-हिरवे बसले. आठ-दहा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना गल्लीच्या पलीकडून आवाज आला. टुंव टुंव. हातोडी थांबली. गफूरभाईनं खटका दाबला आणि बायकांच्या गर्दीतून, कुणाला काही न सांगता, सरळ मागच्या खोलीत गेला. मीही उठले, तर आतून म्हणाला, "तुम्ही बसा भाभी." थोड्या वेळानं तो झाकलेलं भांडं घेऊन मोरीकडे गेला, हात धुतले आणि जाऊन पत्रा ठोकायला लागला. बजरंगला बायकोपुढं ज्याची लाज वाटत होती, ते त्यानं मित्राकडून करून घेतलं. मला बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. गिऱ्हाईक काय विचारतंय ते ऐकू येईना.

गफूरभाईनं ते ओळखलं असावं. त्यानं मला विचारलं नाही, सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या गल्ल्यावर तिसरा डबा आणून ठेवला आणि बजरंगच्या डब्याला दुसरा खटका बसवला. म्हणाला, "डावा माझा, उजवा तुमचा." शकिलाच्या मिक्सरचं काय झालं ते मी विचारलं नाही.

माझा डबा त्याच दुपारी वाजला. मी सवयीनं जागेवरून ओरडले, "काय पाहिजे हो?" तर समोरून गफूरभाई ओरडला, "भाभी, आधी खटका दाबा! विचारायचं न्हाई!" दाबला. आत गेले. पाणी भरलेलं, चादर कोरडी, पंखा चालू. बजरंगला काहीही नको होतं. माझ्याकडे बघत होता फक्त.

"हे काय? तिकडे बाई थांबलीय माझी. उगाच बोलवायचं असतं का?" मी खाटेच्या कडेला बसून त्याला चांगली झापत होते, आणि त्यानं माझ्या डोळ्यांत बघत पुन्हा खटका दाबला. माझा डबा पुढं गल्ल्यावर बोंबलायला लागला.

"मी इथंच बसलेय ना!" मी म्हटलं.

टुंव टुंव चालूच. गल्लीच्या पलीकडून आवाज आला, "भाभी, कायदा!"

या दोघांनी मिळून माझं आयुष्य खाल्लंय. मी उठले, बायकांतून वाट काढत गल्ल्यापाशी गेले आणि खटका दाबला. आत बजरंगच्या हातातले दिवे लागले असणार, निळा, नारंगी, हिरवा. कारण मागच्या खोलीतून एक आवाज आला, खरखरीत, अर्ध्या तोंडाचा. समोर गफूरभाईची हातोडी थांबली. बजरंग हसत होता.